साडूचं विमान आणि माझा बांगडा

नाही, पण मला एक सांगा, साडूने काय काय करावं याला काही लिमिट आहे की नाही? त्याने मोठा फ्रीज घेतला, आम्ही काही बोललो का? नाही. गाडी घेतली, आम्ही पेढे खाल्ले, वर बॉनेटला घालायला हार नेला, झेंडूचा, जाड! लोणावळ्याला बंगला घेतला, घे बाबा, आम्ही जाऊन दोन दिवस राहून आलो, गादी कडक होती, पाठ आखडली, पण मी ते कोणाला बोललो नाही. म्हणजे शेवंतीला बोललो, आणि शेवंतीने तिच्या बहिणीला सांगितलं, आणि बहिणीने तिच्या नवऱ्याला, तो माझा दोष नाही. पण विमान? अहो, विमान!! माणसाने साडूच्या नात्यात विमान आणावं?

मी जळत नाही हां! आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा, दशरथ माणूस कसा आहे म्हणून. जळणाऱ्यातला नाहीच मी. पण…

आणि त्याने विकत आणलं असतं ना, तर मी समजू शकलो असतो, आहे ऐपत, आण. ह्याने बनवायला घेतलं! स्वतःच्या हाताने! आता हा कोण, ते तुम्हाला सांगतो. हा सुबोध. माझ्या बायकोच्या, म्हणजे शेवंतीच्या, धाकट्या बहिणीचा, प्रेमा तिचं नाव, तिचा नवरा. मूळचा घाटावरचा. पवईला काचेच्या बिल्डिंगमध्ये एसीत बसून अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटरची बटणं दाबली आणि लवकर रिटायर झाला. घरातली ट्यूब गेली की वॉचमनला हाक मारणारा माणूस! आणि मी कोण? मी फिटर. मरोळला टूलरूममध्ये चौतीस वर्षं कानस चालवलेला. माझ्या हाताखालून गेलेल्या जॉबला सुपरवायझर माप लावत नसे, नुसता वास घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. मग मला सांगा, विमान कोणी बनवायला पाहिजे? नाही, तुम्हीच सांगा! मी नाही बोलत.

आणि त्याने हे जाहीर कुठे केलं? आमच्या घरी. गणपतीत. आरती झाली, मी घसा फोडून शेवटचं कडवं म्हटलं, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि हा हातात मोदक धरून, तो त्याचा एकदम मऊ आवाज, साबण लावल्यासारखा, "दशरथराव, एक छोटासा प्रोजेक्ट हातात घेतलाय… विमान बनवतोय." छोटासा! शेवंती म्हणाली, "अय्या!" आता बघा, एकतीस वर्षं संसार झाला, ही बाई माझ्या कुठल्याही गोष्टीला 'अय्या' म्हणालेली नाही. मी घरातलं लोखंडी कपाट स्वतः बनवलं, वेल्डिंग माझं, पॉलिश माझं, तर म्हणाली, "दार करकरतं." आणि ह्याने नुसतं तोंडाने विमान म्हटलं तर अय्या!

बरं, हे किट विमान म्हणजे काय, तर परदेशातून लाकडी खोक्यांतून सुटं विमान येतं. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, नळ्या, हजारो भोकं पाडलेली, आणि सोबत एक जाडजूड पुस्तक. पत्रा क्रमांक अमुक तमुकला लावा. म्हणजे पोरांच्या ठोकळ्यांसारखंच, फक्त ठोकळे चुकले तर पोरगं रडतं, इथे तेरावा घालावा लागतो. दोन सीट. शेजारी शेजारी. हे दोन सीट लक्षात ठेवा हां, त्यावरच सगळी वाट लागली.

आणि गाळा कुठे घेतला भाड्याने? मरोळला! आमच्या कंपनीपासून दोन गल्ल्या पलीकडे! ज्या इस्टेटमध्ये मी चौतीस वर्षं डबा खाल्ला, तिथे हा विमान बनवणार! मी म्हटलं, मला काय करायचंय, मी जाणार नाही. महिनाभर नाही गेलो. आता योगायोगाने मरोळला माझं काम निघालं… बँकेत. माझी बँक घाटकोपरला आहे, ते सोडा. गेलो आपला, जस्ट बघायला. बघतो तर काय, हा माणूस कानस घेऊन पत्र्याची कड घासतोय. कानस कशी धरलेली? ओवाळायला निरांजन धरतात तशी! दोन बोटांत! आणि पत्र्यावर असं… फुर्र… फुर्र… अहो, अंगावर काटा आला माझ्या. मी डोळे मिटून घेतले. मनात म्हटलं, दशरथ, बोलू नको, तुझा काही संबंध नाही, घासू दे, विमान पडू दे… आणि तोंडातून काय निघालं?

"सरका."

एक शब्द! त्या एका शब्दापायी माझी तीन वर्षं गेली.

कारण तुम्हाला सांगतो, ते पत्रे जोडायचे रिवेटने. हजारो रिवेट. प्रत्येक भोकाची कड आधी साफ करायची, मग रिवेट घालायचा, आणि मग दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन मारतो, टर्र्र्र! आणि दुसरा आतल्या बाजूने लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरतो, त्याला डॉली म्हणतात, म्हणजे रिवेटचं डोकं आतून चेपलं जातं. सगळं कौशल्य डॉलीवाल्याचं! जरा तिरकी धरली की रिवेट गेला. आता गन कोणाच्या हातात? सुबोधच्या. आणि हे बासष्ट वर्षांचे दशरथराव कुठे? विमानाच्या शेपटीत! गुडघा दुमडून, मान वाकडी करून, तोंडात टॉर्च, हातात डॉली, आणि बाहेरून मऊ आवाज, "दशरथराव, रेडी?" तोंडात टॉर्च आहे, मी काय बोलणार? "म्म्म!" टर्र्र्र!

बरं, बघायला लोक यायचे. पवईचे ऑफिसवाले यायचे, सोसायटीवाले यायचे, प्रेमाच्या भिशीच्या बायका यायच्या. फोटो! सुबोध गन घेऊन उभा, गॉगल लावून, मागे चकचकीत शेपटी. प्रत्येक फोटोत मी आहे. शेपटीच्या आत आहे, दिसत नाही इतकंच. एक बाई तर विचारते, "हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?" आणि तेवढ्यात मला आत शिंक आली, तर ती केवढ्याने किंचाळली! सुबोध म्हणाला, "नाही नाही, आमचे दशरथराव आहेत आत." आहेत आत! मांजर असतं तसे!

मी जळत नाही हां! पण माणूस आहे मी. रोज संध्याकाळी घरी जायचो, शेवंती विचारायची, "आज सुबोधभावोजींनी काय केलं?" मी काय केलं नाही हो… भावोजींनी काय केलं! मग माझ्या मनात एकच, हे विमान उडता कामा नये. बनलं पाहिजे, झकास बनलं पाहिजे, एकही रिवेट वाकडा नको, त्यात काम माझं आहे. पण उडता कामा नये. नुसतं उभं राहिलं पाहिजे. लोकांनी विचारायचं, काय झालं हो? आणि मी म्हणायचं, काही नाही, चालायचंच, आमच्या सुबोधने प्रयत्न केला बिचाऱ्याने.

आणि इथे मी चूक केली. मे महिन्यात गावी गेलो.

गावी आमच्या ग्रामदेवीला कौल लावतात. म्हणजे काय, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं मागायचं, उजवी पडली तर देवीने हो म्हटलं, डावी पडली तर नाही. आणि गुरव आपल्यातर्फे गाऱ्हाणं घालतो. मी ठरवून गेलेलो. पण आता मोठ्याने काय सांगणार? मागे शेवंती उभी, अर्धं गाव उभं, साडूचं विमान उडू नये असं कसं बोलायचं? मी गुरवाच्या कानात म्हटलं, "मनातलं आहे." तो म्हणाला, "मनातला देवीक कळता. मनात आण आणि डोळे मिट." मी मिटले. आणि त्याने सुरू केलं, आवाज असा की कौलं हलली,

"बा देवी म्हाराजा! आज ह्यो तुझो झील मुंबैसून तुझ्या पायाकडे इलो हा! ह्येच्या मनात जा काय आसा, ता पुरा कर म्हाराजा!"

सगळं गाव, "व्हय म्हाराजा!"

शेवंतीचा आवाज सगळ्यात मोठा. तिला वाटत होतं मी माझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी मागतोय.

मग गुरव म्हणतो, "नवसाक वस्तू सोडूक व्हयी. काय सोडतंस?" मी म्हटलं, दुधी. दुधी भोपळा. गुरव माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला, "देवीक गंडवतंस काय रे? आवडीची वस्तू बोल!" मी पडवळ म्हणणार तेवढ्यात मागून बायको, खणखणीत, "बांगडो!" अहो!! बांगडा! आमच्या घरात आठवड्यातून चार दिवस बांगडा, तिरफळं घातलेली आमटी, किंवा रव्यात घोळवून कडक तळलेला… आणि ही बाई माझ्या गुडघ्यासाठी माझा बांगडा सोडते! मी "अगं…" म्हणेपर्यंत पाकळी पडली. टप्. उजवी.

म्हणजे देवीने हो म्हटलं. मनातलं पुरं होईपर्यंत बांगडा बंद.

त्यानंतरची दीड वर्षं कशी गेली विचारू नका. घरात सगळ्यांच्या ताटात बांगडा, माझ्या ताटात कोलंबी, सुरमई, पापलेट… तुम्ही म्हणाल काय वाईट आहे? वाईट काही नाही. पण बांगडा नाही ना! आणि तिकडे विमान बनतंच चाललंय. पंख झाले, इंजिन आलं, पंखा बसला. मग पुढचं पॅनेल. तिथे दोन मोठे स्क्रीन, डोंगर दाखवतात, ढग दाखवतात, वारा कुठून येतो ते दाखवतात. सुबोध एकेक वायर जोडताना माझ्याकडे वळून, "दशरथराव, बघताय ना?" बघतोय की! तीन वर्षं तेच करतोय! मी एक छोटा पितळी गणपती आणला, पॅनेलवर ठेवायला, तर हा वजनकाटा काढतो! गणपतीचं वजन करतो! म्हणाला, "एकशे दहा ग्रॅम. लिहून ठेवतो." प्रत्येक नटाचं वजन वहीत. एक दिवस मला विचारतो, "दशरथराव, तुमचं वजन किती?" आता याला काय अर्थ आहे? सगळ्या लोकांसमोर? मी म्हटलं, "बहात्तर." एकोणऐंशी आहे. पण कशाला सांगायचं? त्याने बहात्तर लिहिलं आणि हसला. मला ते हसणं लागलं. म्हटलं, हा माझी ढेरी मोजतो.

मग सरकारी इन्स्पेक्टर आला. सगळं बघितलं, शेपटीपाशी थांबला, बोटाने रिवेटांवरून हात फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. "ये काम किसका है?" मी दाराशी उभा, चहा घेऊन. आणि सुबोध, ह्याला काही गरज होती का, चटकन म्हणाला, "ये दशरथराव का है. मैं तो सिर्फ गन पकडता हूँ." इन्स्पेक्टरने मला हात जोडले. आता सांगा, अशा माणसावर जळायचं तरी कसं? जळायलाही समोरच्याने जरा सहकार्य करायला लागतं! म्हणजे, मी जळत नाहीच.

मग पंख काढून ट्रकने विमान घाटावर, एका धावपट्टीवर. तिथे पुन्हा जोडलं. सुबोधकडे लायसन्स होतं, शिकला होता गुपचूप. पहिल्या उड्डाणांना नियम असा, की पायलट एकटा. दुसऱ्या सीटवर माणूस नाही, पण तोल बघायला तिथे वाळूची पोती ठेवायची. मी तिथे उन्हात उभा, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पोत्यांना पट्टा बांधला! पट्टा! व्यवस्थित! तीन वर्षं शेपटीत दुमडून मी, आणि मानाने बसली कोण? वाळू! अहो, माणूस माणसावर जळतो ते ठीक आहे, मी त्या दिवशी पोत्यावर… नाही, जळलो नाही. पण बघितलं त्याच्याकडे.

आणि विमान उडालं.

असं सहज! धावलं, धावलं, आणि चाकाखाली उजेड दिसला. एक फेरी, दोन फेऱ्या, आलं, टेकलं. सगळे टाळ्या वाजवतायत, शेवंती रडतेय, आणि मी मनात म्हणतोय, गे आई, माझा बांगडाही घेतलास आणि कामही नाही केलंस? उजवा कौल ना तुझा? अशी अनेक उड्डाणं झाली, महिनोन्महिने, तासांचा कोटा पुरा झाला, प्रत्येक वेळी वाळू वर आणि मी खाली.

आणि गेल्या महिन्यात सुबोध आला, पोती उचलून बाहेर टाकली, आणि म्हणाला, "चला दशरथराव. बसा."

मी म्हटलं, "कोण?"

"तुम्ही. पहिला पॅसेंजर. ही सीट तुमचीच आहे पहिल्यापासून. वजन उगाच विचारलं होतं का?"

मी प्रेमाकडे बघितलं, म्हटलं, बायको आहे याची, तिचा हक्क. ती म्हणते, "मला जत्रेतल्या पाळण्यात उलटी होते भावोजी, तुम्ही जा."

आता माझ्या डोक्यात काय पेटलं, तुमच्या लक्षात येतंय का? कौल उजवा होता! देवीने हो म्हटलेलं! वाळू घेऊन जाताना तिने काही केलं नाही… म्हणजे ती थांबलीय! माझ्यासाठी थांबलीय! नवस माझा, विमान पडणार, आणि आत कोण? मीच! रिवेटांची भीती नव्हती हो मला, रिवेट माझे होते. भीती देवीची.

मी म्हटलं, "एक मिनिट, लघवीला जाऊन येतो." झाडामागे जाऊन गावी गुरवाला फोन लावला. "हॅलो! नवस परत घ्यायचाय!" तो म्हणाला, "नवस काय दुकानातली चड्डी आसा, परत घेवक? काय मागितलंलंस ता मोठ्यान सांग, मगे बघू." मोठ्याने कसं सांगणार? झाडाच्या अलीकडे शेवंती येऊन उभी, "अहो, झालं का? गुडघा दुखतोय का?" मी हळूच म्हटलं, "मनातलं होतं हो ते!" तर गुरव, "मगे देवी बघून घेतली. कौल उजवो झालेलो. ती दिल्याबिगर रवाची नाय." दिल्याशिवाय राहायची नाही म्हणे! आणि फोन ठेवला!

चढलो. पंखावर पाय ठेवून, ह्या गुडघ्याने. पट्टा बांधला. पितळी गणपती समोर. मी म्हटलं, मरायचंच आहे तर खरं बोलून मरू, म्हटलं, "सुबोध, माझं वजन एकोणऐंशी आहे." तो म्हणाला, "माहीत आहे. प्रेमाने सांगितलेलं. पोती एकोणऐंशीचीच होती." आता ह्या माणसाला काय म्हणायचं! दुसरी गोष्टही बोलणार होतो, अगदी ओठावर आली, तेवढ्यात इंजिन सुरू.

मी डोळे मिटले. गच्च. धावतंय, हादरतंय, मी आत "आई, चुकलो, आई, चुकलो," आणि एकदम हादरे बंद. डोळे उघडले. खाली ऊस, नदी, पत्र्याची घरं, आणि बाजूला पंख. पंखावर माझे रिवेट. रांगेत. एकेक ओळखीचा, हा जान्हवीच्या, माझ्या पुतणीच्या, लग्नाच्या दिवशी मारलेला, हा मला ताप होता तेव्हाचा. काच बंद होती, नाहीतर डोळ्यांतलं पाणी वाऱ्यावर ढकललं असतं. सुबोध म्हणाला, "धरा दांडा." ज्याने विमान चालवतात तो. मी धरला. तर म्हणतो, "अहो, किती हलक्या हाताने धरलात! मला दोन महिने लागले हे शिकायला." म्हटलं, कानशीची सवय ही, दुसरं काय.

आणि तेव्हा मला आठवलं. देवळात गुरव म्हणाला होता ना, मनात आण आणि डोळे मिट? मी ठरवून गेलो होतो, विमान जमिनीवर उभं आहे असं मनात आणायचं. पण डोळे मिटल्यावर जे आलं, ते काही जमिनीवर नव्हतं. हे असंच होतं. खाली नदी, आणि शेजारच्या सीटवर मी. तेव्हा म्हटलं, हे कुठून आलं मधेच, आणि झटकून टाकलं. पण देवीने तेवढ्यात बघितलेलं.

विमान टेकलं. मी टुणकन उडी मारून खाली! गुडघा विसरलोच! शेवंतीने ते बघितलं आणि टाळीच वाजवली, "नवस फिटला! गुडघा बरा झाला! रविवारी बांगडे!"

आता आली का पंचाईत? बांगडा खाल्ला तर कबूल करायला लागतं, की माझ्या मनात तीन वर्षं हेच होतं, त्याच्या शेजारी बसायचं. नाही खाल्ला तर जन्मभर बांगडा बंद. रविवारी सुबोध-प्रेमा घाटकोपरला जेवायला. स्वयंपाकघरातून तो वास… चुर्र्र… मी पाच मिनिटं विचार केला. पाच नाही, दोन. खाल्ला.

पण तुम्हाला सांगतो, सगळ्या बांगड्यांत गाबोळीवाला, पोटात भरगच्च अंडी असलेला, एकच होता. एकच! दोन वर्षं उपाशी कोण? मी. आणि शेवंतीने तो वाढला कोणाला? "घ्या सुबोधभावोजी, तुम्ही आमच्या ह्यांना विमानात बसवलंत!" मी जळत नाही हां! मी आपला मान खाली घालून माझा बांगडा खातोय. पण नजर जातेच ना. बघतो तर हा घाटावरचा माणूस दोन बोटांत बांगडा धरून, निरांजन धरतात तसा, काटा कुठून काढायचा तेच शोधतोय, गाबोळीचा नुसता चुरा चाललाय! अहो, दोन वर्षांनी बघतोय मी गाबोळी! मी डोळे मिटले. म्हटलं, दशरथ, बोलू नको, तुझा काही संबंध नाही, चुरा होऊ दे…

"सरका," म्हटलं. आणि बसलो त्याच्या ताटातले काटे काढत.